लालासाहेबाचा राहिलेला पेला

खोरशेदबाईंना संध्याकाळी सहाला एक पेला लागे. एकच. दुसरा मागणारा माणूस त्यांच्या मते दुसऱ्याच्या घरी जाऊन पंखा जोरात लावणाऱ्यांतला होता, आणि अशांशी त्या संबंध ठेवत नसत.

पाचगणीच्या त्यांच्या बंगल्यात आकाराम शेडगे अकरा वर्षं कामाला होता. बाग, बंब, बाजार आणि भेटीला आलेल्यांना "बाई निजल्यात" म्हणून सांगणं, एवढी कामं त्याच्याकडे होती. पण त्याला ठेवला होता तो त्या पेल्यासाठी. बाईंचा भाचा बोटीवर इंजिनियर. तो वर्षातून एकदा इटलीची आमारो नावाची काळपट, जाड, कडू दारू आणी. ती कुठल्या कुठल्या मुळ्या आणि साली भिजवून करतात. तिच्या जोडीला बिटर्सची, म्हणजे थेंबाथेंबानं घालायच्या कडू अर्काची, बोटभर बाटली, तिच्या अंगात तिच्याहून मोठा कागदाचा सदरा, थोरल्या भावाचा घातल्यासारखा. बाईंकडे सरकारी पर्मिट होतं. त्यात प्रकृतीसाठी मद्य आवश्यक असल्याचं लिहिलेलं होतं, आणि बाईंची प्रकृती उत्तम असल्यामुळे ते खरंच असावं.

आकाराम दोन मापं आमारो घ्यायचा, एक माप लिंबाचा रस, पाऊण माप साखरेचा पाक आणि एका अंड्याचं पांढरं. आधी झाकणाच्या भांड्यात, म्हणजे शेकरमध्ये, बर्फाशिवाय हलवायचं, अंड्याला फेस येईपर्यंत. मग बर्फ टाकून परत हलवायचं, शेकर हाताला चिकटायला लागेपर्यंत. मग गाळायचं. वर साईसारखा फेस बसला की त्यावर बिटर्सचे तीन थेंब. आंबट, कडू, गोड, सगळं एका घोटात, आणि कुणी कुणाला ढकलत नाही. बाई म्हणायच्या, "आकाराम, आमच्या ट्रस्टच्या मीटिंगमधे हे कधी जमलं नाही."

आता यात एक भानगड होती. माप एका पेल्याचं, पण गाळल्यावर शेकरमध्ये नेमाने अर्धा पेला उरायचा. आकारामानं माप कमी करून पाहिलं. लहान अंडं घेतलं. तरी उरायचाच. फेसाचं फुगणं असतं, बर्फाचं पाणी होतं, हे त्याला कळत होतं; तो अडाणी नव्हता, फौजेतून चौथीची परीक्षा पास होऊन आलेला होता. पण शेकर हलवताना त्या खडखडाटाच्या आत एक आवाज यायचा, चेष्टेखोर, अगदी कानाशी: "आणिक एक कर की रं गड्या."

तो उरलेला अर्धा पेला आकाराम मागच्या सिल्व्हर ओकच्या बुंध्याशी ओतून यायचा. अकरा वर्षांत त्यानं एकदाही चव घेतली नाही.

आवाज लालासाहेबाचा होता. लालासाहेब नावापुरताच साहेब. पलटणीत तो साधा शिपाई. दोघं खटाव भागातल्या एकाच वाडीचे, एकाच दिवशी साताऱ्याला भरती झालेले. भरतीवाल्या साहेबानं आकारामाच्या छातीवर टेप लावली, मान हलवली आणि त्याला मेसमध्ये ढकलला. लालासाहेबाची छाती मापात बसली. पुढे कोण जगणार आणि कोण मरणार याचा निकाल असा दीड इंचावर लागला होता. पण त्या दिवशी लालासाहेबानं पेढे वाटले आणि आकाराम रडला.

निघायच्या आधी लालासाहेबाचं लग्न झालं. बनुबाई तासगावकडची. तिचा बाप दारूनं गेला होता, म्हणजे दारू पिऊन ओढ्यात पडून, गुडघाभर पाण्यात. नवरा लढाईवर निघाला तेव्हा बायका म्हणतात तसं तिनं "सांभाळून राहा" म्हटलं नाही. तिनं त्याचा हात आपल्या कपाळाच्या कुंकवावर ठेवला आणि म्हणाली, "बाटलीला शिवनार न्हाई म्हना." लालासाहेब म्हणाला. चार वर्षं त्यानं ते पाळलं. आफ्रिकेत पाळलं, बोटीत पाळलं. त्याच्या वाट्याची रम आकाराम प्यायचा आणि त्याबद्दल उपकार केल्यासारखं तोंड करायचा.

चव्वेचाळीस सालच्या थंडीत ते इटलीच्या डोंगरात होते. कॅप्टनसाहेबाची मेस एका शेतकऱ्याच्या घरात, आणि त्या घरची म्हातारी आपल्या हातची आमारो करायची. साहेबाच्या पेटीत बिटर्स होती. लिंबं खालून रेशनच्या गाडीतून येत, अंडी म्हातारीच्या कोंबड्या देत, बर्फ खिडकीबाहेर फुकट. शेकर नव्हता, आकाराम एका मगावर दुसरा मग पालथा घालून हलवायचा. साहेबाला ते आवडलं. मेसचा वेटर म्हणून आकारामाचं वजन वाढलं.

एका संध्याकाळी लालासाहेब मेसच्या मागच्या दारानं आत आला. त्याची तुकडी पुलाकडे गस्तीला निघणार होती. तो हुडहुडत होता, पोटात कळ येत होती. आकाराम म्हणाला, "हे घे. औशद हाय. म्हातारी पोटावर देते." खोटं नव्हतं, म्हातारी देतच होती. लालासाहेबानं वास घेतला, आकारामाकडे बघितलं, आणि सगळं कळून प्यायला. प्यायला आणि हसायला लागला. वरच्या ओठावर फेस तसाच. "आयला, कडू हाय आन् ग्वाड बी हाय," म्हणाला. "आणिक एक कर की रं गड्या."

आकाराम म्हणाला, "उंद्या."

पुलाजवळ सुरुंग होता. लालासाहेबाबरोबर आणखी दोघं गेले, आणि ते दोघं आयुष्यात कधी प्यायले नव्हते. त्यामुळे पेल्याचा आणि सुरुंगाचा काही संबंध नाही, हे आकारामानं स्वतःला पुष्कळ वेळा पटवून दिलं होतं. ज्या गोष्टीचा संबंध नसतो ती इतक्या वेळा पटवावी लागत नाही, हेही त्याच्या लक्षात आलं होतं.

सेहेचाळीसला तो वाडीत परत आला. बनुबाईनं पांढऱ्या कपाळानं विचारलं, "भावजी, काय बोलले का शेवटाला?" तेव्हा सगळी वाडी जमली होती. आकाराम म्हणाला, "पानी मागितलं. मी पाजलं." वाडीला ते पसंत पडलं. मेलेल्या जवानानं पाणीच मागायचं असतं.

त्यानंतर आकाराम वाडीत फारसा राहिला नाही. लग्न केलं नाही. मिरजेत एका डॉक्टरांच्या घरी चौदा-पंधरा वर्षं काढली, मग पाचगणी. वाडीला जायचं म्हटलं की त्याला रजा मिळायची नाही, आणि ती मिळू नये याची तो काळजी घ्यायचा.

इकडे बनुबाई दर भाद्रपदात नवऱ्याचा म्हाळ घालायची. पितरपंधरवड्यात ज्याच्या त्याच्या तिथीला पान वाढून गोठ्याच्या पत्र्यावर ठेवतात, कावळ्याला हाका मारतात, कावळा शिवला की पितर जेवला. मग घरातल्यांनी जेवायचं. लालासाहेबाची तारीख इंग्रजीत आली होती; जोशांनी तिची षष्ठी करून दिली. बनुबाई वडे, खीर, आळू, गवारीची भाजी, सगळं करायची, आणि पानाजवळ तांब्याभर विहिरीचं पाणी ठेवायची, कारण त्यानं पाणी मागितलं होतं. कावळा यायचा नाही. शेजारच्या पत्र्यावर यायचा, पलीकडच्या भिंतीवर यायचा. या पत्र्यावर नाही. दिवस कलला की जाणती माणसं म्हणायची, "बाई, गाईला घाला." गाय सोयीची. तिला कुणाची इच्छा राहिली आणि कुणाची पुरली याच्याशी कर्तव्य नसतं. अठ्ठावीस म्हाळ गाईनं खाल्ले.

अठ्ठाविसावा म्हाळ दुष्काळातला, बहात्तरचा. त्या साली बनुबाई खडी फोडायला जात होती. मूठभर मिलोचं, रेशनच्या लाल ज्वारीचं, पीठ, त्याचे चार वडे. माणसाला नव्हतं तिथे कावळ्याला कुठलं. पिसं विस्कटलेले, छातीचं हाड दिसणारे कावळे गावभर फिरत होते. त्यातला एक त्या दिवशी पत्र्यावर उतरला. पानाभोवती फिरला. मान वाकडी करून वड्याकडे बघितलं, तांब्याकडे बघितलं, आणि तसाच उपाशी उडून गेला.

बनुबाईनं ते पाहिलं. तिनं गाईला पान घातलं, दुसऱ्या दिवशी खडी फोडायला गेली. पण मनात धरून बसली. पुढच्या साली पाऊस झाला, ज्वारी झाली, म्हाळ आला, कावळा आला नाही. दीर नाथाजीनं पान उतरवून गाईकडे चालवलं, तेव्हा ती आडवी आली.

"पान ठिवा तितंच. कावळा शिवल्याबिगर मी जेवायची न्हाई."

"वैनी, उंद्या तर पान वाळून जाईल."

"नवं वाढीन."

नाथाजीला वाटलं, संध्याकाळपर्यंतचा राग आहे. दुसऱ्या दिवशी तिनं नवं पान वाढलं. तिसऱ्या दिवशीही वाढलं, पण पत्र्यावर ठेवायला नाथाजीच्या बायकोला, अंबूबाईला, चढवलं, कारण बनुबाईला उभं राहता येत नव्हतं. तेव्हा नाथाजीनं धोतराचा सोगा खोचला आणि पाचगणीची एसटी धरली.

तो बंगल्याच्या फाटकात उभा राहिला तेव्हा आकाराम बागेत पाइप धरून होता. नाथाजीचं नाक आणि उभं राहायची तऱ्हा भावाचीच होती. पाइपचं पाणी आकारामाच्या वहाणांवर पडत राहिलं.

"आकारामअण्णा," नाथाजी म्हणाला, "तुमी शेवटचं बघितलंया दादाला. पान्याबिगर आणिक काय मागितलं व्हतं का? बिडी, तंबाकू? आठवून बगा. वैनी मरंल."

"न्हाई आठवत," आकाराम म्हणाला.

"बसतो मी. तुमी आठवा." आणि नाथाजी पायरीवर बसला. त्याचा स्वभाव बैलांबरोबर राहून तयार झाला होता.

आकाराम आत गेला. सहा वाजत आले होते. त्यानं मापं घेतली, हलवायला लागला, आणि आवाज आला. नेहमीचाच, पण या वेळी त्यात चेष्टा नव्हती. त्यानं बाईंना पेला दिला आणि म्हणाला, "बाई, मला ही बाटली पायजे."

खोरशेदबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "पिणार तू?"

"न्हाई. एक मेलेला माणूस हाय."

बाईंनी थोडा वेळ पेल्यातल्या फेसाकडे पाहिलं. त्यांचा स्वतःचा नवरा मरून तीस वर्षं झाली होती, आणि त्याच्या नावानं त्या अजून मोटारीचा विमा भरत होत्या. म्हणाल्या, "घेऊन जा. छोटी पण घे. पोलिसानं पकडलं तर माझं नाव नको सांगू, सांग की केसांचं औषध छे."

एसटीत बाटली आकारामाच्या मांडीवर पिशवीत होती आणि शेजारी नाथाजी झोपलेला. सातारा मागे पडलं, कोरेगाव मागे पडलं. आकारामानं मनात जमवाजमव केली. खरं सांगायची गरजच काय? लालासाहेबाला पोटदुखीवर विलायती काढा द्यायचे, तो त्याला मानवला होता, तोच आणलाय. काढा पत्र्यावर ठेवायचा. कावळा आला तर बाई जेवेल, शपथ शाबूत राहील, पाणी पाजणारा आकाराम पाणी पाजणाराच राहील. कुणाचंच काही जाणार नव्हतं. पुसेगावपर्यंत त्याला हे इतकं पटलं की त्यालाही झोप लागली.

वाडीत ते चौथ्या दिवशी सकाळी पोचले. बनुबाई सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. आकारामाच्या डोळ्यांपुढची बनुबाई हिरव्या चुड्यातली होती. ही बाई दुसरीच कुणी, हाडांवर लुगडं टाकून ठेवल्यासारखी. डोळे मात्र तेच.

"या भावजी," ती म्हणाली. "लय दिसांनी रजा गावली."

आकाराम खाली बघून म्हणाला, "वैनी, लालासाबाला तकडं प्वाटदुकीचा काढा द्येत व्हतो. त्यो लय आवडायचा त्येला. त्योच करून ठिवूया."

"करा की."

"अंडं लागतंय एक."

अंबूबाई किंचाळलीच. "म्हाळाच्या सोवळ्यात अंडं? अगं बाई!"

"औशदात हाय त्ये," आकाराम म्हणाला.

नाथाजी गेला आणि परड्यातून अंडं घेऊन आला, हात पाठीमागे लपवून. लिंबं चार मिळाली. साखरेचा पाक अंबूबाईनं तोंड वाकडं करून केला. तिनं पितळी पेला पुढे केला तेव्हा आकाराम म्हणाला, "पितळंत आंबट कळाकतं. काच आना." तेव्हा नाथाजीनं चहाच्या हॉटेलातून काचेचा ग्लास आणला. बर्फ कुठला? दोन ॲल्युमिनियमचे डबे दोरीला बांधून विहिरीत तळाशी तासभर सोडून ठेवले, गार व्हायला.

मग आकारामानं बाटलीचं बूच काढलं.

वास सोप्यात पसरला. बनुबाईनं मान वर केली. म्हणाली, "नाथाजी, अंबू, तुमी भाईर जावा."

ती दोघं गेली.

"भावजी, माज्या बाच्या तोंडाला ह्यो वास रोज येत व्हता. तुमची विलायती आसंल. पन वास मला ठावा हाय."

आकारामाच्या हातात बूच तसंच राहिलं. बाहेर अंबूबाई नाथाजीला दबक्या आवाजात अंड्याबद्दल बोलत होती. आकारामाला वाटलं, अजूनही म्हणता येईल, औषधात थोडी असतेच. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"पानी न्हाई मागितलं त्येनं," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. त्यो माज्यासमूर मेलाच न्हाई. लांब पुलाकडं ग्येला, आमाला फकस्त आवाज आला. त्येच्या आदी त्यो मेसमंदी आला व्हता. मी त्येला ह्ये दिलं. औशद म्हून दिलं, पन त्येला कळलं व्हतं. त्यो प्याला. आन् आणिक एक मागितला."

बनुबाईनं त्याच्या हातातल्या बुचाकडे बघितलं. मग विचारलं, "मागताना तोंड कसं व्हतं?"

"हासत व्हता. हितं," आकारामानं आपल्या वरच्या ओठावर बोट ठेवलं, "फ्यास लागल्याला."

तिनं डोळे मिटले. सत्तावीस वर्षं तिच्याजवळ एक पाणी मागणारा जवान होता, आणि त्याला तोंड नव्हतं. आता तोंड मिळालं, फेसासकट.

"वैनी, शपथ..."

"शपथ माजी व्हती. मोडली त्येचं मी बगीन. तुमी करा."

आकारामानं केलं. दोन मापं, एक, पाऊण. अंड्याचं पांढरं. डब्यावर डबा पालथा घालून हलवायला लागला, आणि पहिल्यांदाच कानाशी कुणी काही बोललं नाही. नुसता ॲल्युमिनियमचा आवाज. ते जास्त वाईट होतं. बोलणारा गप्प झाला की तो जवळच कुठेतरी येऊन बसलेला असतो. फेस आला. त्यानं गाळलं, वर तीन थेंब टाकले. ग्लास काठोकाठ भरला आणि डब्यात थेंबही उरला नाही.

नाथाजीनं नवं पान पत्र्यावर चढवलं, त्याच्या कडेला ग्लास. पाण्याचा तांब्या बनुबाईनं ठेवू दिला नाही. एव्हाना वाडीला खबर लागली होती की म्हाळाला दारू ठेवलीय. धनगरवाड्यातला म्हातारा कोंडीबा काठी टेकत आला, म्हणाला, "आमी तर कवापासून ठेवतुया. तुमच्या पितरास्नीच कशाची लाज?" कुणी हसलं. मग सगळे गप्प झाले, कारण कडुलिंबाच्या फांदीवरून एक कावळा पत्र्यावर उतरला होता.

तो पानाजवळ आला. वडा होता, खीर होती; तिकडे त्यानं पाहिलं नाही. ग्लासाच्या काठाशी उभा राहिला, मान वाकडी केली, आणि चोच फेसात बुडवली. डोकं झटकलं. कडू लागलं असावं. परत बुडवली. तिसऱ्यांदा बुडवली. मग वड्याचा तुकडा उचलला आणि उडून गेला.

"शिवला! शिवला!" नाथाजी ओरडला. कोंडीबानं हात जोडले. अंबूबाईच्या डोळ्यांना धार लागली, अंडं वगैरे ती विसरली. कावळ्यांना अंड्याचा फेस आवडतो, यात नवल काही नाही, असं आकारामाला कुणीतरी म्हणायला हवं होतं. कुणी म्हणालं नाही. गाईनं खाल्लं तोवर शंकेला जागा होती. कावळ्यानं ती ठेवली नाही. मागणारा खरोखर मागत होता. एकोणतीस वर्षं.

आकाराम सोप्यात आला. बनुबाई तशीच बसलेली. तिनं बाहेरचा ओरडा ऐकला होता. अंबूबाईनं तिच्यापुढे ताट आणलं, ते तिनं हातानं बाजूला सारलं.

"भावजी, त्येनी मागितला, तर तवाच का न्हाई दिला?"

हा प्रश्न पलटणीत कुणी विचारला नव्हता, वाडीत विचारला नव्हता. आकारामानंही तो स्वतःला कधी पुरता विचारला नव्हता. पेला आणि सुरुंग यांचा संबंध नाही, एवढं पटवण्यात त्याचं वय गेलं होतं.

"लिंबू एकच ऱ्हायलं व्हतं," तो म्हणाला. "सायबासाटी ठिवलं."

"मग सायेब प्याले?"

"न्हाई. त्या सांच्याला सायबाला इच्छा नव्हती. दोन दिसांनी तितनं हाललो. लिंबू वाळून ग्येलं."

नाथाजी दारात उभा होता. बनुबाईनं मान हलवली, हिशेब समजल्यासारखी, आणि भिंतीचा आधार घेत उठली. अंबूबाई धावली, तिला तिनं थांबवलं. आतून एक पाट आणला, शिसवी, कडेला पितळेची फुली असलेला. तो तिनं मधल्या भिंतीशी मांडला. त्या घरात म्हाळाला पितराच्या नावानं एक माणूस जेवायला बसवायची रीत होती. आजवर भावकीतला कुणीतरी बसायचा.

"बसा," ती म्हणाली.

"वैनी, म्या न्हाई..."

"त्येच्या पाटावर बसा."

आकाराम बसला. बनुबाईनं डोक्यावरून पदर घेतला, कपाळाच्या खालपर्यंत ओढला, आणि स्वतःच्या हातानं वाढायला लागली. चार दिवसांची उपाशी बाई, पण मीठ डावीकडे पडलं, भाजी उजवीकडे, जिथल्या तिथे. तिनं आकारामाच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. नवऱ्यापुढे बाई उभी राहते तशी ती पदराआडून पानाकडे बघत उभी राहिली, आणि जे संपेल ते वाढत राहिली. पितर म्हणून बसलेल्यानं पानात काही टाकायचं नसतं आणि नको म्हणायचं नसतं. आकाराम खात राहिला. वडे गार होते. एकदा त्याचा डावा हात ओठाकडे गेला, काहीतरी पुसायला. ओठावर काही नव्हतं.

जेवण झाल्यावर तिनं विडा दिला, आणि वाकून त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. आकारामानं पाय मागे ओढायला पाहिले. ते हलले नाहीत.

मग बनुबाई चुलीपाशी गेली, अंबूबाईच्या हातातलं ताट घेतलं आणि जेवायला बसली. पहिला घास तिनं सावकाश चावला. दुसरा घेतला. अंबूबाईला म्हणाली, "आमटीत मीठ कमी पडलंय गं." अंबूबाई रडत रडत मीठ घेऊन आली. नाथाजी बाहेर जाऊन लोकांना सांगायला लागला की जेवली, जेवली.

पाटावर बसवलेल्या पितराला घरच्या माणसानं "आता उठा, या" म्हणून निरोप द्यायचा असतो. त्याशिवाय त्यानं उठायचं नसतं. नाथाजीला ते सुचलं नाही. अंबूबाई मिठाच्या नादात होती. बनुबाई जेवत होती, अर्ध्या ताटापर्यंत आली होती, आणि आकारामाकडे तिची पाठ होती. बाहेर लोक पांगले. दुपार उतरायला लागली. शेवटची एसटी साडेचारला होती, हे आकारामाला माहीत होतं. तो पाटावर बसून राहिला.